उतारावरच्या आडव्या रेघा

आमच्या माळावरच्या शेतातली माती वाहून मुरूम उघडा पडला होता. ज्वारी गुडघ्यावर जाईना. एका धुकट सकाळी आत्या चुन्याच्या फक्कीने उतारावर आडव्या रेघा ओढत होती. तिथे बांध घालायचे होते.

"आत्या, एवढी जमीन बांधातच घालवणार तू?" मी विचारलं.

"थोडी सोडली, तरच बाकीची राहील गं," ती म्हणाली.

धुक्यात विरत जाणाऱ्या त्या वळणदार रेघा पाहताना वाटलं, ही माती किती वर्षं मुकाट्यानं घर सोडून जात होती, आणि तिला थांब म्हणणारं कुणीच नव्हतं.

पावसाळा सरल्यावर बांधांच्या पोटाशी बोटभर मऊ गाळ साचला. आत्या चपला काढून त्यावर उभी राहिली, डोळे मिटून, बराच वेळ.