तात्यांचं पेन

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी आधी प्लग तपासायला सांगतो. भिसेगावात राहतो, कीबोर्ड आणि डिजिटल पियानो दुरुस्त करतो. आपोआप वाजणारी वाद्यं पुष्कळ पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी मागे ओल, मुंग्या नाहीतर कुणाचा तरी आगाऊपणाच निघालाय. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय... पण लिहितो.

पोशीरहून एका काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान तात्या गावच्या भजनात पेटी वाजवायचे. लेकीने, सुजाताने, त्यांना डिजिटल पियानो घेऊन दिला होता. तिचं लग्न ठरलं तशी तात्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली आणि माइक लावून रेकॉर्ड करायला बसले — थेट पेन ड्राइव्हवर. पहिल्याच कडव्यात छातीत कळ आली. यंत्र बंद कसं करायचं हे काकूंना ठाऊक नव्हतं. घाबरून हाताला लागेल ते ओढलं, तो पेन ड्राइव्ह निघाला. तात्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

आता लग्न तोंडावर आलं होतं. सुजाताला अंतरपाटाआड बाबांचा आवाज हवा होता, असेल तेवढा. आणि पियानो फाइल वाजवत नव्हता.

तात्या पेन ड्राइव्हला नुसतं ‘पेन’ म्हणायचे. त्याच्यावरचा दिवा लुकलुकतोय तोवर कुणाला हात लावू देत नसत. “थांब गं, पेन लिवतंय अजून,” हे त्यांचं ठरलेलं. काकू खाली मान घालून म्हणाल्या, “लिवताना मीच काढलं रं बाबा. त्यांचा आवाज मीच तोडला.”

मी सगळं तपासलं. पोर्ट साफ केला, दुसरा पेन ड्राइव्ह लावला — त्यातलं गाणं व्यवस्थित वाजलं. मग तात्यांचा पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. फाइलचं नाव होतं, आत शून्य. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, काही नाही. लिहिणं मध्येच तुटलं की असंच होतं. काकूंना तसं सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं.

“आणि एकदा त्याच्यातच लाव,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या समाधानासाठी पुन्हा पियानोला लावला. पियानोची केबल लॅपटॉपला जोडलेलीच होती, सवयीने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि पियानोवर प्ले दाबलं.

तात्या गायला लागले.

माझा पहिला संशय ब्लूटूथवर — कुणीतरी शेजारून मोबाईल जोडलाय. ब्लूटूथ बंद होतं. पियानोची स्वतःची मेमरी पाहिली, रिकामी. मग लाज वाटते सांगायला, पण काकूंवरच संशय आला. त्यांच्याकडे बघितलं आणि तो गेला. त्या पदराने तोंड दाबून बसल्या होत्या.

एक कडवं संपलं, दुसरं झालं, तिसरं... शेवटच्या ‘सावधान’पर्यंत. मग थोडी शांतता आणि तात्यांचा साधा बोलण्यातला आवाज : “झालं. काढ आता.”

दिवा लुकलुकायचा थांबला. काकू उठल्या आणि स्वतःच्या हाताने पेन ड्राइव्ह काढला.

मी तरी विचारलंच, की तात्यांनी आधी कधी पूर्ण म्हणून ठेवलं असेल का? “नाय रं,” काकू म्हणाल्या. “त्या दिशी पयलंच बसले होते.” पेन ड्राइव्ह काकूंकडून मागून घेतला आणि घरी येऊन फाइल पुन्हा तपासली. शून्य. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं उतरलं होतं.

लग्नात तेच लावलं. शेवटचं वाक्य कापू का, असं मी सुजाताला विचारलं होतं. ती नको म्हणाली. ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, आणि वाजंत्री सुरू व्हायच्या आत स्पीकरवर तात्या म्हणाले, “झालं. काढ आता.”

भटजींनी अंतरपाट खाली घेतला. मांडवातल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, तात्यांनी बरोबर येळेला सांगितलं.

ते पेनबद्दल बोलत होते, हे काकूंना आणि मला माहीत आहे. निदान तेव्हा तरी आम्हाला तसंच वाटलं होतं.