हजरतगंजचा बडा दिन आणि आईच्या चपला

नाताळ बघायला कुणी लखनौला जातं का, असं लोक मला विचारतात. मी गेले होते, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास, आणि तेही जीव मुठीत धरून. माझा दादा, दिनकर, तिथे रेल्वेच्या संशोधन कचेरीत ड्राफ्ट्समन होता. मानकनगरच्या कॉलनीत त्याला क्वार्टर मिळालं होतं. त्याचं पत्र आलं, ‘आईला घेऊन ये. पंचवीस डिसेंबरला अख्खं लखनौ हजरतगंजात लोटतं. इथे त्याला बड़ा दिन म्हणतात.’

अख्खं लखनौ लोटतं, हे वाचूनच मी नको म्हणणार होते. मी भित्री आहे, आधीच सांगून टाकते. जिना उतरतानासुद्धा कठडा धरते. त्यात बाबा गेल्यापासून आई वर्ध्याच्या बाहेर पडली नव्हती. डाव्या कानानं कमी ऐकायची, आणि हिंदी बोलायला गेली की तोंडातून वऱ्हाडीच निघायची. पण ती सगळ्यांत आधी तयार.

“मले काय होते? चल नं,” म्हणाली.

वर्ध्याहून झाशीपर्यंत एक गाडी, तिथून लखनौला दुसरी. ट्रंकेला साखळी बांधली, तरी मी डोळ्याला डोळा लावला नाही. आई मात्र भाकरी-ठेचा खाऊन गाढ झोपली. गाडीतच मी एका चिठ्ठीवर दादाचा पत्ता हिंदीत लिहिला, आई हरवली तर दाखवायला. मग वाटलं, हिच्याकडून चिठ्ठीच हरवेल. म्हणून ती माझ्या पर्समध्ये नीट ठेवून दिली. हा शहाणपणा लक्षात ठेवा.

मानकनगरला धुकं असं, की समोरच्या क्वार्टरचा दिवा तेवढा दिसायचा. डिसेंबरात जाणार असाल तर लोकरीचे मोजे दोन जोड न्या. दादा पहाटे सायकलवर जुन्या शहरातल्या चौकात जाऊन मक्खन मलाई घेऊन आला. ती फक्त थंडीतच मिळते, केशराचा वास, तोंडात टाकली की संपली. त्याची आठ वर्षांची मुलगी पिंकी मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची.

“बुआ, आप इतना डरती क्यों हो?”

“तुझ्या आजीच्या वाटचंही मीच घाबरते, म्हणून,” मी म्हटलं.

पंचवीस तारखेला दुपारी आई तयार होऊन बाहेर आली ती पांढऱ्या लुगड्यात. विहारात वंदनेला जाताना नेसायचं, तेच. वरून दादाचा जुना तपकिरी स्वेटर.

“अगं, जत्रेला चाललोय आपण,” मी म्हटलं.

“मेनबत्त्या लावतेत म्हने तिथं. मंग प्रार्थनाच झाली नं?” झालं, विषय संपला.

आलमबागेतून टेम्पो मिळतो, तेव्हा माणशी एक रुपया होता, आणि गुडघे शेजारच्याच्या मांडीवर. हजरतगंजच्या अलीकडेच उतरवतात, पुढे वाहनं बंद. आणि खरं सांगते, भीतीतही डोळे दिपले. दुकानादुकानांवर चमचमत्या कागदाचे तारे, बेकऱ्यांतून केकचा खमंग वास, कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज पोरांना गोळ्या वाटतोय. द्रोणातली आलू टिक्की खाताना आईचं नाक लाल झालं. “तिखट हाय, पन आपल्यावानी नाही,” हा तिचा निकाल. मी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

“सोड वं माय, हात मोडशील,” ती म्हणाली.

मोठ्या चर्चच्या फाटकाशी रांग कसली, नुसता रेटा होता. आणि तिथे आईनं सवयीनं चपला काढल्या. देवाधर्माच्या दारात चपला काढायच्या, हे आमच्या हाडात भिनलेलं. तिचं पाहून मीही काढल्या. दादाच्या खांद्यावरून पिंकी हसत ओरडली, “बुआ, यहाँ चप्पल नहीं उतारते! सब पहनके जाते हैं!” मी ओशाळून चपला घालायला वाकले. त्यासाठी आईचं मनगट सोडलं. तेवढ्यात मागून लोंढा आला, शिपायानं दोर खाली केला, आणि मी चपलेत अर्धा पाय घातलेली थेट आत फेकली गेले. दादा-पिंकी शेजारी होते, पण वळून पाहिलं तर आई नाही.

परत जायला वळले तर शिपाई म्हणाला, “इधर से नहीं बहनजी, उधर से निकलिए।” आईही लोंढ्यासोबत आत आली असणार, असं आम्ही धरून चाललो. मी दिसेल त्याला विचारत सुटले, “सफेद साड़ीवाली अम्मा देखी क्या?” लोक अगदी तत्परतेनं बोट दाखवायचे, “वो रहीं।” धावत जावं तर ती चर्चची सिस्टर, पांढऱ्या साडीतली. एकदा नाही, तीनदा! तिसऱ्या सिस्टरनं माझा हात धरला, “मिल जाएँगी बेटी,” म्हणाली. मला रडू फुटलं.

गोठ्याचा देखावा, मेरीपुढच्या शेकडो मेणबत्त्या, गाणी, सगळं माझ्यासमोर होतं, पण मला दिसत होते ते फक्त आईचे अनवाणी पाय. तिला धड ऐकू येत नाही. कुणी विचारलं तर काय सांगेल? मानकनगर हे नाव तरी आठवेल का? आणि पत्त्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये, अगदी सुरक्षित! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दादानं आवारातल्या मंडपाच्या माइकवरून चक्क मराठीत हाक मारली, “आई, मी दिनकर बोलतोय. तू आहेस तिथेच थांब.” त्याचा आवाज कापत होता. दादाचा आवाज कापताना मी तोवर ऐकला नव्हता, त्यानं मी आणखीच घाबरले.

तासाभरानं दुसऱ्या फाटकातून बाहेर पडून, अख्ख्या आवाराला वळसा घालून आम्ही पहिल्या फाटकाशी आलो. अंधार पडला होता. भिंतीकडेला लोकांचं कोंडाळं दिसलं. मी म्हटलं, संपलं. कुणीतरी पडलंय.

कोंडाळ्यात आई होती. उकिडवी बसलेली, आणि तिच्यापुढे चपला, बूट, सँडल, लहान मुलांचे मोजे खोचलेले जोडे, शे-दीडशे तरी असतील, ओळीनं लावलेले. तिनं काढलेल्या चपला पाहून मागच्यांनीही काढल्या होत्या. पांढऱ्या साडीतली म्हातारी तिथेच उभी, म्हणजे जोडे सांभाळायलाच बसवली असणार, असं समजून लोक तिच्याकडे जोडे देऊन आत चालले होते. “अम्मा, हमारा भी रख लीजिए!”

मी तिच्या गळ्यात पडले. “अगं, कुठं कुठं शोधलं तुला! आत का नाही आलीस?”

“येवढ्या लोकायनं भरोशानं ठेवल्या, टाकून कशी येऊ?” ती म्हणाली. शेवटचा जोड त्याच्या मालकाला मिळेपर्यंत ती उठली नाही. तिच्या स्वतःच्या चपला तेवढ्या सापडल्या नाहीत. दादानं स्वतःचे मोजे काढून तिच्या पायांत घातले.

उरलेले दोन दिवस सगळ्यांनी मला भरपूर चिडवलं. इमामबाड्याच्या भूलभुलैयात तर मी पाऊलही टाकलं नाही. नको रे बाबा! तुम्ही जरूर जा, गाइड घेऊन. आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर पत्ता त्याच्याच खिशात ठेवा.

वर्ध्याला परतल्यावर शेजारणींना मी रंगवून सांगत होते, की मी रडून अर्धी झाले आणि आमची आई बघा, वाघीण! जोडे लावत बसली होती.

शेजारणी गेल्यावर आई चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, “लई भेव लागलं होतं वं मले.”

मला वाटलं, थट्टा करतेय.

“हात असे थरथर करत होते. उगे राहतच नव्हते. म्हनून त्या चपला लावत बसली. एक झाली का दुसरी. तू येऊन पाहशील, मी कापून राह्यली, तर तू आनखी भेशील.” एवढं बोलून ती लाकडं सारायला लागली.

बाबा गेले त्या दिवशीही ती दिवसभर भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती. तेव्हा मी लोकांना सांगितलं होतं, आई फार खंबीर आहे. मी तिच्याजवळ सरकले आणि तिचा हात हातात घेतला. या खेपेला मात्र मनगट आवळलं नाही.