आधी टेस्टर, मग नमस्कार

बस वं जराशी जवळ. म्हणजे तिकडं पुण्यात जिथं असशील तिथं खुर्ची ओढ आणि हे नीट वाच. दिवाळीपासून नुसती 'येते आत्या, येते आत्या' करून राहिलीस, आणि फोनवर मात्र भांडतेस की माझी खोली काहून दिली दुसऱ्या पोरीला. खोली तुझीच आहे. पण ती कशी गेली हे ऐकल्याशिवाय रुसायचं नाही.

आपल्या बुद्धविहारामागचा हॉल आठवतो ना? तिथं आता एक संस्था वस्तीतल्या आणि खेड्यातल्या पोरापोरींना फुकट काम शिकवते. वायरिंग, पंखे, मोटरी, आणि नागपूर म्हटल्यावर कूलर तर आलेच. शिकवणारे सर वीजखात्यातून निवृत्त झालेले. क्लासचा चहा माझ्याकडं. मी काही शाळेत गेले नाही, अक्षरं तुमच्याच पाट्यांवरून उचलली. त्यामुळं शिकणारी पोरं दिसली की माझ्या हातून चहात दूध जरा जास्तच पडतं.

त्यांच्यात ही पोरगी होती, कुहीकडच्या खेड्यातली. रोज एसटीनं यायची. बस चुकली की अर्धा धडा गेला. सर एकदा चहा घेता घेता म्हणाले, "हिची राहायची सोय झाली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, खोली रिकामी आहे, धाडा.

बाप तांदळाची पिशवी घेऊन सोडायला आला. मला म्हणाला, "परीक्षा पास झाली तर जाऊ दे त्या विमानतळाकडच्या मिहानमधल्या कंपनीत. नाही तर धानाच्या रोवणीले घरी पाहिजे, बाई. शेतात हात कमी पडते." बाप गेल्यावर पोरगी पिशवी उचलता उचलता म्हणाली, "आजी, रोवणी मले येतेच. जे येत नाही ते करून पाहायचं आहे."

आता ऐक खरी गंमत. पोरगी हुशार, हात हलका, पेचकस, तुमचा स्क्रूड्रायव्हर, असा धरायची जसा जन्मापासून धरला असावा. पण एक खोड. कुठल्याही यंत्रापुढं उभी राहिली की आधी त्याला हात लावायची आणि तोच हात कपाळाला. तिची आई विळ्याच्या पाया पडल्याशिवाय धान कापायला वाकत नाही, तेच हिच्या अंगात. आपल्या घरी तशी पद्धत नाही, पण मला त्यात वावगं काही वाटलं नाही. सरांना वाटलं. वाटणारच. कूलरचं अंग लोखंडी, आत पाणी, खाली ओली फरशी.

आणि झालंच. सरावाला माझाच कूलर हॉलमध्ये नेला होता. प्लग लागलेला होता, आणि ही गेली पाया पडायला. असा झटका बसला की ती थेट फरशीवर. बरं की थोडक्यात भागलं. मागून एक पोरगा म्हणतो, "आरती आणू का वं?" सगळी हसली, तीही हसली.

सर नाही हसले. "करंटले भक्ती समजत नाही, बेटा. आधी टेस्टर लावायचा, मग प्लग काढायचा, मग हात. परीक्षेत आधी हात लावला तर तिथंच नापास."

त्या दिवशी ती जेवली नाही नीट. "आजी, माहीत आहे मले, पण हात आपोआप जाते," हेच सारखं. मग आम्ही उपाय सुरू केले. उजव्या हाताला ओढणी गुंडाळली, तर डावा गेला. मिक्सरवर सराव केला, तर मिक्सरच्या पाया पडून मोकळी. शेवटी मी चटणी वाटता वाटता विचारलं, "तुझी आई धानाची पेंढी उचलते, तर थेट हात घालते का?"

"नाही जी. आधी काठीनं आपटते. साप-विंचू असला तर निघून जाते."

"मग टेस्टर म्हणजे ती काठी समज. पाया पडू नको असं कोण म्हणते? आधी आपट, मग पड."

पोरगी उठली, टेस्टर आणला, मिक्सरला लावला, प्लग काढला आणि मग पाया पडली. तेव्हापासून घरात दिवसभर हेच. कुकर विजेवर चालत नाही हे तिला सांगावं लागलं.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. चहा निवला, तरी मी तिथंच. ती कूलरपुढं गेली, हात उठला. अर्ध्यावर थांबला. मग तो खिशाकडं वळला आणि टेस्टर बाहेर आला. कूलरच्या अंगाला लावला, तर टेस्टरमधला दिवा पेटला. साहेबांनी मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. तिनं प्लग काढला, पुन्हा टेस्टर लावला, दिवा विझलेला पाहिला. आणि मग शांतपणे पत्र्याला हात लावून कपाळाला लावला.

साहेब म्हणाले, "हे शेवटचं पुस्तकात नाही."

"नाही जी. ते माझ्या आईचं आहे. पण आता यात करंट नाही."

साहेब हसले. "मग पडा पाया," म्हणाले, "आणि दुरुस्त करा." आमच्या सरांनी चष्मा काढून पुसला, नि माझ्या हातातला गार चहा तसाच पिऊन टाकला.

पास झाली. आता कोपऱ्यावरून मिहानच्या कंपनीची बस तिला घेऊन जाते. बापानं रोवणी तिच्यावाचून उरकली. परवा नवा तांदूळ घेऊन आला होता, आल्या आल्या आपल्या फ्रिजकडं बघून पोरीला विचारतो, "यालेही हात लावते का वं तू?"

आणि तुझ्या खोलीतला पंखा, ज्याच्या कुरकुरीवरून तू सगळ्यांची झोप घालवायचीस, तो तिनं उतरवून साफ केला. आता आवाज करत नाही. खाट तुझीच आहे, तू आलीस की पोरगी माझ्याजवळ निजेल. तुझी वाट ती माझ्यापेक्षा जास्त पाहून राहिली, कारण पंखा कसा झाला हे तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे तिला. तेव्हा नवा तांदूळ आहे तोवर ये, बाळा. लवकर ये.