सुमनची वेणी

सुमन गेल्याचा फोन तिच्या सुनेनं केला. सून पंजाबी आहे, मराठी समजतं पण बोलत नाही. "आंटीजी, मम्मी नहीं रहीं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी कणीक मळत होते. येते म्हटलं, कणीक मळून झाकून ठेवली, साडी बदलली आणि मुलाला गाडी काढायला सांगितली. चंदीगडलगतच्या झिरकपूरला तिच्या घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. नंतरही फारसं आलं नाही. तिचं दुखणं मी जवळून बघितलं होतं, सुटली असंच वाटलं. आता काही आठवडे झालेत, आणि तिला सांगायचं असं रोज काहीतरी निघतं...

नवरा गेल्यावर मी चंदीगडला मुलाकडे राहायला आले, तेव्हा भाजीबाजारात ती भेटली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडत होती आणि मध्येच त्याला "मेल्या" म्हणाली. मी वळून विचारलं, "सातारकडच्या का?" "वाईची. तुम्ही?" त्या दिवशी दोघींची भाजी घ्यायची राहिली. तिचे यजमान हवाई दलातून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. मी त्यांना भावजी म्हणते. विमानांची यंत्रं तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि माणसांशीही ते तसेच वागायचे. खोटं चालायचं नाही. नको त्या माणसाचा फोन आला तर "घरी नाहीत" एवढंसुद्धा सुमनला म्हणू द्यायचे नाहीत. पुरणपोळी कशी झाली विचारलं तर म्हणायचे, "कडा कच्च्या आहेत." आणि त्या असायच्याही.

सुमनचे केस म्हातारपणीही कमरेखाली होते. त्यांना तिनं कधी कात्री लावली नव्हती, कारण तिला प्रयागला जाऊन वेणीदान करायचं होतं. त्रिवेणी संगमावर नवरा बायकोचे केस विंचरतो, वेणी घालतो, गजरा माळतो आणि शेंड्याचे थोडे केस कापून तिच्या ओंजळीत देतो. ते तिनं संगमात सोडायचे. एरवी केस पाण्यावर तरंगतात, तिथं मात्र बुडतात. बुडाले की दान पोचलं असं मानतात. मग वेणीमाधवाचं दर्शन घ्यायचं. हे सवाष्णीनंच करायचं, नवरा बरोबर असताना. माझं राहिलं. भावजींचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता दोघं म्हातारी झाली.

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, केमो लगेच सुरू करू, केस जातील. ही म्हणाली, आधी प्रयाग. मी तिला चांगलीच झापली. "केस परत येतील. तू येणार नाहीस."

"आले तरी काड्या येतील. गंगेला काय काड्या देऊ?"

"तुझं डोकं फिरलंय."

"असू दे. पण आज त्यावर केस आहेत ना?"

भावजींनी घर डोक्यावर घेतलं. ती ऐकेना. एका दुपारी ते एकटेच माझ्याकडे आले, पाणी प्यायले, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, वेणी कशी घालतात?" मला आधी थट्टाच वाटली. मग बाल्कनीच्या कठड्याला सुतळीचे तीन पदर बांधून दिले. "उजवा मधल्यावरून घ्या. आता डावा. अहो, हळू... बैल बांधताय का?" ते हसले नाहीत. वेणी पुरी झाली की बोटानं चाचपायचे, "इथं सैल राहिली" म्हणायचे आणि सगळी सोडून परत घालायचे. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं.

दोघं प्रयागला जाऊन आली. सुमननं अक्षयवट आणि निजलेला मारुती एका वाक्यात उरकले. सांगितलं ते वेणीचं. गुरुजी घाई करत होते, मागं दुसरी जोडपी खोळंबली होती, आणि हे म्हणाले, जरा थांबा, सैल झालीय. सगळी सोडून परत घातली.

"आणि केस? बुडाले?" मी विचारलं.

"कुठले! तरंगत गेले लांबवर. मी बघितलं की. पण हे माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, बुडाले. मी म्हटलं, हो, बुडाले." हे सांगताना ती लाजली. त्या वयात.

पुढं केमो झाली, केस गेले, आणि काही महिन्यांनी तीही गेली. थांबल्यामुळं जास्त बिघडलं का, ते डॉक्टरांना माहीत. मी विचारलं नाही. बायकांनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. कोणीतरी गजरा आणला होता, पण तो माळण्याएवढे केस नव्हते. मी तो तिच्या कानाशी ठेवला.

परवा झिरकपूरला गेले होते. हरिद्वार जवळ असूनही भावजी अस्थी घेऊन प्रयागलाच जाऊन आले होते. सून चहा ठेवून आत गेली, तसे म्हणाले, "वहिनी, ते केस बुडाले नव्हते. मी तिला खोटं सांगितलं. दान पोचावं म्हणून तिनं सगळं केलं, आणि मी तिला फसवलं. अस्थी सोडताना दुसरं काही सुचत नव्हतं."

मला धीर द्यायला जमत नाही. आहे ते सांगितलं. "ती फसली नव्हती. तिनं बघितलं होतं."

ते म्हणाले, "मग बोलली का नाही?"

"तुम्हाला नाही बोलली. मला आल्या आल्या सांगितलं. लाजत होती."

ते उठून आरशापाशी गेले. तिथं तिचा कंगवा होता, केस गेल्यापासून कोणी न वापरलेला. त्याच्या दात्यांत एक लांब केस अडकला होता. तो त्यांनी अलगद ओढून काढला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि परत त्याच कंगव्याला गुंडाळून ठेवला.