रविवारची जीप आणि मागचं दार

मुलगी बघायला आलेल्या विश्वास पांढरीपांड्यांनी पहिली पंधरा मिनिटं मुलीची चौकशीच केली नाही. ते छताकडे बघत होते. नागपूरच्या त्या बैठकीतला पंखा कुरकुरत होता. विनिता पोह्यांचा ट्रे घेऊन आत आली तेव्हा नवरामुलगा स्टुलावर, पंख्याची तिन्ही पाती होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीवर, आणि खोलीत एवढी धूळ उतरलेली, की सख्ख्या आत्याने तिला ओळखलं नाही. "बाई, पोहे ठेव आणि मुलीला पाठव," असं तिला सांगण्यात आलं. वंगण नव्हतं म्हणून काम थांबलं. विश्वासरावांनी खिशातून डायरी काढली, 'पंखा. वंगण आल्यावर बसवणे. प्रलंबित' अशी नोंद केली आणि भोपाळची गाडी पकडली. नागपूरचा मे महिना होता. पंखा परत लागावा म्हणूनच घरच्यांनी आपल्याला घाईने उजवलं, असं विनिता आजही शपथेवर सांगते.

विश्वासराव भोपाळला अवजड यंत्रांच्या कारखान्यात होते. तिथली शिस्त अशी, की सुटा केलेला प्रत्येक भाग पुसायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची आणि जपून ठेवायचा. शनिवारी नियोजन विभागाची माणसं येत, प्रलंबित कामांची यादी वाचत आणि ती होईपर्यंत एकेकाच्या मानगुटीवर बसत. इंद्रपुरीतल्या घरी विश्वासरावांनी ही पद्धत जशीच्या तशी आणली. फक्त नियोजन विभाग आणायचा राहिला.

चार वर्षांपूर्वी त्यांनी लिलावातून एक जीप आणली. मुलगी जुई सव्वीस वर्षांची. जीप तिच्याहून थोरली. ही गाडी चारही चाकांनी जोर लावते, हे विश्वासराव दूधवाल्यालासुद्धा सांगत. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता ते तिच्याखाली शिरत आणि फक्त जेवायला बाहेर येत. ब्रेक नवे झाले, सीट नव्या झाल्या, पुढे धुक्यातले दिवे लागले. दिवसाच्या शेवटी ते आत बसून लाल मुठीचा दांडा खट्‌कन पुढे ढकलत, 'फोर व्हील' म्हणत आणि समाधानाने खाली उतरत. जीप जागची हलत नसे. आवाज मात्र छान येई.

जीप उभी असायची त्या पोर्चमध्ये विनिताला झोपाळा हवा होता. चौथ्या वर्षी तिने शर्त घातली.

"तुमच्या साठाव्या वाढदिवसाला आम्हाला केरवा धरणावर न्यायचं आणि परत आणायचं. स्वतःच्या चाकांवर. नाहीतर गाडी जाणार आणि पोर्च माझा."

"चारही चाकांवर आणतो," विश्वासराव म्हणाले.

वाढदिवस आला. जीप केरव्यापर्यंत एवढी गुणी वागली, की विनिताला झोपाळा डोळ्यांदेखत विरघळताना दिसू लागला. मग विश्वासरावांनी चांगला रस्ता सोडून मुद्दाम काठाच्या चिखलात गाडी घातली. मागची चाकं रुतली. त्यांनी आनंदाने मागे वळून पाहिलं. "आता बघा!" लाल मूठ पुढे गेली. खट्‌!

मागची चाकं चिखल उडवत गरगरली. पुढची दोन्ही चाकं लग्नातल्या मानाच्या पाहुण्यांसारखी स्वस्थ उभी.

"बाबा, आगेवाले तो घूम ही नहीं रहे," जुई बाहेर उतरून म्हणाली.

"असं होऊच शकत नाही!"

"अहो, होतंय," विनिता म्हणाली.

विश्वासरावांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. शेवटी इंजिनही बंद पडलं, तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला आणि थेट इंद्रपुरीपर्यंत ओढत आणलं. वाटेत विश्वासराव बंद गाडीचं स्टिअरिंग धरून ताठ बसले होते.

घरी येताच त्यांनी पुढचा अ‍ॅक्सल उघडला, टॉर्च मारला आणि उकिडवे होते तिथेच मागे बसले. आत पोकळी होती. चाकांना फिरवणारे लोखंडी दांडे दोन असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिथे एकही नव्हता.

"चोरी!" विश्वासराव ओरडले. "लिलावाच्या आधीच कोणीतरी काढून नेले! चार वर्षं मी पोकळ गाडी दुरुस्त करतोय!"

जुईने मात्र शांतपणे वही आणली आणि पहिला रविवार उघडला. "हँडरायटिंग तो आपकी ही है, बाबा. 'पुढचे दोन्ही दांडे काढले. ऑइल सील आल्यावर बसवणे. प्रलंबित.' पुढे लिहिलंय, 'सुरक्षित जागी ठेवले. मागच्या दारापाशी.'"

तिघांच्या माना एकदम मागच्या दाराकडे वळल्या.

दाराला अडसर लावलेला होता. हातभर लांब, गुळगुळीत, एका टोकाला दाते असलेला. ग्रीस लागलेली चिठ्ठी विनिताने चार वर्षांपूर्वीच फेकली होती, दांडा घासूनपुसून वापरायला घेतला होता. आणि विश्वासराव रोज स्वतःच्या हाताने तो लावत. 'लोखंड अस्सल आहे हं,' असंही एकदा म्हणाले होते.

"हा?" विश्वासरावांनी दात्यांवरून बोट फिरवलं.

विनिताने अडसर काढून हातात घेतला. आपण आजवर जीपला कडी म्हणून लावत होतो.

"दुसरा कुठाय? याहून लांब असतो तो," विश्वासरावांनी विचारलं.

दुसरा कुठाय ते विनिताला आठवलं. तो तिने शेजारच्या मंजूषाला दिला होता, त्यांच्याही मागच्या दारासाठी. मंजूषाच्या नवऱ्याची दोन वर्षांपूर्वी नागपूरला बदली झाली. विनिताने तिथल्या तिथे फोन लावला.

"तो दांडा ना? अगं, इतका मजबूत निघाला!" मंजूषा कौतुकाने म्हणाली. "कपडे वाळत घालायच्या खांबात घातलाय. सिमेंट भरून. तुझी आठवण निघते बघ रोज."

एक दांडा नसला की दुसऱ्याचा उपयोग नसतो. सगळा जोर रिकाम्या बाजूला पळतो. विश्वासरावांनी तीन रविवार जुना बाजार पालथा घातला. त्या जातीचा लांब दांडा भोपाळात कुठेच निघाला नाही. चौथ्या रविवारी ते पोर्चमध्ये नुसतेच बसून राहिले. गाडीखाली शिरलेसुद्धा नाहीत. विनिताला ते बघवेना.

"राहू दे गाडी. झोपाळ्याचं बघू पुढे."

"शर्त म्हणजे शर्त. स्वतःच्या चाकांवर आली नाही ती."

"पण दांडा मी दिला ना मंजूषाला?"

"आणि सील मी आणलं नाही." त्यांनी वही मिटली.

जीप फेब्रुवारीत गेली. झोपाळ्याचे हुक प्रलंबित आहेत.