मुकर्ररचा घोट

जावयाने विमानतळावरून व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणल्या, आणि ही ढोसायची नसते, घोट घोट घेऊन चव ओळखायची असते, हेही शिकवलं. माझं कापडाचं दुकान. पोत बोटांनी ओळखतो, मग चव जिभेने का नाही ओळखणार? पण खरी गोष्ट वेगळी होती. तीस वर्षं दुकानाच्या फळीवर पडलेली कवितांची वही मला कुणाला तरी ऐकवायची होती. त्या कविता बऱ्या आहेत की नुसतं खूळ, हे एकदा कळायला हवं होतं. आणि नुसत्या कविता ऐकायला आदिलाबादेत कोण येतो?

म्हणून एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंजी घातली. एका कवितेला एक घोट, असा नेम केला. बायकोने शेंगदाणे आणि ठेचा दिला, वर बजावलं, "वास आला तं तिकडंच झोपजा." पाच दोस्त आले. चौघे पिणारे. पाचवा भीमपूरकडचा, भाजीपाला पिकवणारा, माझा लहानपणीचा सोबती. डॉक्टरने त्याची दारू बंद केली होती, म्हणून त्याला ताक.

आमच्या गावाला मुशायऱ्याची जुनी सवय. शेर आवडला की "मुकर्रर" म्हणायचं, म्हणजे पुन्हा वाचा. आणि मी शहाण्याने आधीच सांगून ठेवलं होतं, कविता पुन्हा वाचली तर घोटही पुन्हा.

झालं. पहिल्याच कवितेला चौघांनी मुकर्ररचा गजर केला. मी हरखलो. चार कविता अशा तीन-तीनदा वाचल्या. मग चष्मा पुसताना पान उलटलं आणि मी त्याच सुरात वाचून गेलो, "निळं पॉपलीन, पांढरं पॉपलीन, अस्तर..." ती मागवायच्या मालाची यादी होती. तिलाही मुकर्रर आलं.

मला हसू आलं, पण आतून फार वाईट वाटलं. तीस वर्षांचं उत्तर मिळालं होतं. बाटल्या तळाला गेल्या तसे चौघे एकमेकांना धरत, माझी तारीफ करत जिना उतरले. मी वही मिटली.

ताकवाला तेवढा बसून होता. संध्याकाळभर त्याने एकदाही मुकर्रर म्हटलं नव्हतं.

"वांग्याची कविता पुना वाच," तो म्हणाला.

माझे वडील बाजारात वांगी विकायचे. मांडण्याआधी एकेक वांगं धोतराच्या सोग्याने पुसायचे. त्यावर ती कविता होती.

"ताक सरलं रे," मी म्हणालो.

"ताक कोन मांगून राह्यलं? तुहा बाप असाच पुसे. वाच."

मी वाचली. तो शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसला. संपल्यावर वाहवा केली नाही, रुमाल खांद्यावर टाकून निघून गेला.

सकाळी त्याच्या मळ्यातून वांग्यांची टोपली आली. एकेक वांगं पुसलेलं होतं.