देवीला साडी कोण नेसवतं

साताऱ्याची एसटी ठाण्यात खोपटच्या आगारात शिरली तेव्हा ताई फाटकाशीच उभी होती. माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेल्यापासून कोपरीच्या घरात एकटीच राहते. हातातल्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ. दुसऱ्या दिवशी नवरात्रातली अष्टमी होती आणि आंबिवलीजवळच्या एका गावात अकरा विधवा बायका गावदेवीची ओटी भरणार होत्या. ताई त्यांतली एक.

मी तिला सोबत म्हणून आले होते. खरं सांगायचं तर पापक्षालनाला. माझ्या लेकीच्या लग्नात ताई ओटी भरायला पुढे झाली, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "ताई, तू जरा चहाचं बघतेस का?" ती गेलीसुद्धा. पुढे त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

सकाळी आंबिवलीला प्राची रिक्षा घेऊन आली होती. ती डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवते, ताईच्या महिला मंडळात आहे आणि हे गाव तिचं माहेर. तिच्या आईने पोळे (तांदळाच्या पिठाची जाळीदार घावनं) वाढले. तेवढ्यात प्राचीचा फोन वाजला.

"देवळाचे कमिटीवाले अडवणार म्हणतायत," ती म्हणाली. "मावशी, टेन्शन घेऊ नका. मी बोलते."

बोलताना ती स्वतः नखं खात होती.

गावदेवीचं देऊळ नदीच्या वळणावर आहे, मागे नवे टॉवर. पायरीवर सात-आठ पुरुष आडवे उभे होते. कमिटीचे अध्यक्ष पुढे आले. "दर्शन घ्या, नाय कोन म्हनतं? पन ओटी सवाष्णीनंच भरायची. उद्या देवीचा कोप झाला तर?"

"काका, देवीच्या शेजारी कुठला देव बसलाय ते दाखवा," प्राची म्हणाली. "एकटीच आहे ना ती?"

कुणीतरी हसलं, कुणाचा तरी आवाज चढला. एकाने प्राचीच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला. गावातल्या सवाष्णी ताटं घेऊन भिंतीला चिकटल्या. मी ताईचं कोपर धरलं. "चल, परत जाऊ."

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "या वेळी चहाचं बघायला मी जाणार नाही," ती म्हणाली. भर उन्हात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात गाभाऱ्यातून एक म्हातारी बाहेर आली. वच्छीआजी. देवीला नऊवारी नेसवायचा मान तिच्या घराकडे आहे. कपाळ मोकळं होतं. ती उंबऱ्यात येऊन बसली.

"माजा नवरा जाऊन दोन वरीस झाली," ती अध्यक्षांना म्हणाली. "देवीला साडी कोन नेसवतं? मीच ना? तवा नाय झाला कोप?"

"आजी, ती गोष्ट वेगली. दुसऱ्या कुनाला निऱ्या जमत नाय."

"मंग आज तू जमव. साडी अर्धीच नेसवलीय."

देवीपुढचा पडदा ओढलेला होता. आरतीची वेळ टळत चालली. गुरव निरांजन हातात धरून ताटकळला. आजी हलेना. शेवटी अध्यक्षांनी चपला पायात सरकवल्या. "मी काय बघितला नाय," असं म्हणून ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. हळूहळू बाकीचेही बाजूला सरकले. आजीने निऱ्या पुऱ्या केल्या आणि पडदा सारला.

ताईची पाळी चौथी. थोडे तांदूळ ओटीबाहेर सांडले. तिने ते वेचून पुन्हा भरले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. भावोजी गेल्यापासून दर वेळी ती मला कुंकू लावायला शेजारणीला हाक मारायची. आजही सवयीने करंडा घेऊन दारापर्यंत गेली. थांबली. मी पदर पसरला. ओटी भरताना ती रडली. मीही.

एसटीत नारळ मांडीवर घेऊन बसले. आंबिवलीत मी काय केलं? नुसती उभी होते, तीही पळायच्या तयारीत. लोकांना प्रवासात काय काय गवसतं, मला माझा भित्रेपणा सापडला होता. तो पाहून लाज वाटली.

घरी पोचताच सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ओटी कुणी भरली?"

"ताईने," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत न जाता तिथेच त्यांच्यासमोर उभी राहिले.